त्र्यंबकरावांचं मुंगूस

घूस म्हणे घूस! अहो, एवढी झुबकेदार शेपूट, लालबुंद डोळे... आणि सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी साकेत लिहितो, ‘काका, घूस आहे ती. रविवारी पेस्ट कंट्रोलवाला येऊन विष टाकेल. मुंगूस असेल तर फोटो दाखवा.’ आता तुम्हाला सांगतो, कोपरला खाडीच्या बाजूला तीस वर्षं सकाळी फिरणाऱ्या त्र्यंबकरावांना घूस आणि मुंगूस यातलं कळत नाही? जिवाची नुसती तगमग, फोटो नाही मिळाला तर ते मुकं जनावर हकनाक मरणार! चुकलं का त्यांचं, तुम्हीच सांगा.

गुरुवारी फिरायला निघाले ते मोबाइल हातात धरूनच. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी दबा धरून बसले, गुडघे कुरकुरतायत, डास फोडून काढतायत, आणि पाऊण तासाने गवतातून आलं की हो बाहेर! बोट टेकवणार, एवढ्यात मागून कोळंबीची पाटी घेऊन कोळीण हौसाबाई थबकल्या... आणि आपल्याकडे मुंगूस दिसल्यावर माणूस गप्प बसतो का? त्याला रामाची शपथ घालायची, तोंड दाखवायला सांगायचं, तेही खणखणीत आवाजात! हौसाबाईंनी घातली, मुंगूस पसार, फोटोत नुसतं गवत. वर यांनाच म्हणतात, ‘भाऊ, तुमी मधी आलात म्हून तोंड नाय दिसलं.’ आता यात काय चुकलं त्र्यंबकरावांचं?

शुक्रवारी बायकोला, सरोजताईंना, पहाऱ्यावर उभं केलं. त्यांनी पेपरवाल्याला थांबवलं, दूधवाल्याला थांबवलं, शिंकू पाहणाऱ्या वॉचमनला डोळे वटारून थांबवलं, आणि मुंगूस दिसल्याबरोबर स्वतःच हात जोडून शपथ घालून मोकळ्या! फोटोत आलं शेपटीचं टोक. साकेतचं उत्तर, ‘काका, हा झाडू आहे.’

शनिवारी एकटेच गेले. कोवळं ऊन, चिटपाखरू नाही, आणि मुंगूस चक्क दोन पायांवर उभं! फक्त तोंड जरा पलीकडे वळलेलं, इकडे वळलं की झालं... आणि त्र्यंबकरावांच्याच तोंडून गेली की हो शपथ! लहानपणापासूनची सवय, जीभ काय विचारून हलते? मटकन खाली बसले, डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या. ‘मीच मारलं रे तुला,’ एवढंच म्हणाले. सांगा, इथे तरी चुकलं का त्यांचं? बरं, इथे चुकलं.

रविवारी तोंडाला रुमाल करकचून बांधून सहापासून बिळासमोर ओणवे. नऊला पेस्ट कंट्रोलवाला आला, त्याला जागा दाखवायला साकेत आला, आणि पाचच मिनिटांत ग्रुपवर टिंग! मिशा मोजून घ्याव्यात असा मुंगसाचा फोटो, खाली लिहिलेलं, ‘आपल्या सोसायटीत मुंगूस! पेस्ट कंट्रोल रद्द.’ काढला कोणी? साकेतने! मुंगूस दुसऱ्याच बिळातून निघून त्र्यंबकरावांच्या पाठीमागे निवांत ऊन खात बसलेलं, आणि हे आपले समोरच्या बिळावर मोबाइल रोखून! एकोणतीस जणांनी सेक्रेटरींचं अभिनंदन केलं, आणि तळमजल्यावरच्या विनिताने लिहिलं, ‘फोटो मस्त, फक्त मागचं ते ओणवं लेंग्यातलं कापा.’

त्र्यंबकरावांनी काय केलं असेल? मुंगूस धडधाकट आहे ना ते फोटो मोठा करून दोनदा पाहिलं, मग स्वतःच्या हाताने स्वतःला कापलं आणि फोटो परत ग्रुपवर टाकला.