कुटुंब विभागातलं पुस्तक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ग्रंथालय समितीचे आदरणीय सदस्य, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे नेमाने येणारे वाचक, माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत, पण जे मगापासून दाराकडे बघत बसले आहेत ते आमचे कार्डकाका, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी आत्ताच घड्याळ पाहिलं, म्हणजे सहाच उरली असणार.

आज निवृत्त होणारे कार्डकाका चौतीस वर्षं सूची विभागात होते. नवं पुस्तक आलं की ते कुठल्या विभागात राहणार हे ते ठरवायचे, कार्ड लिहायचे आणि कण्यावर क्रमांकाचं लेबल लावायचे. अक्षर असं की वाचक पुस्तक विसरून कार्डच बघत बसत. चिडले की पेन्सिलीला टोक काढायचे. टोकदार पेन्सिली जास्त दिसल्या की त्या दिवशी त्यांच्या खोलीत कोणी फिरकत नसे.

आमच्याकडे एक जुनं पुस्तक आहे. पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर प्रेम असतं, ते पूर्वीच्या लोकांनी कसं पाहिलं, याचा तो इतिहास आहे. काका नोकरीला लागले तेव्हा ते कुलपात होतं. मग एका वर्षी वरून परिपत्रक आलं आणि ते ‘गुन्हे’ विभागात गेलं, तुरुंगांवरच्या पुस्तकांशेजारी. काही वर्षांनी ‘मनोविकार’. पुढे ‘सामाजिक समस्या’. पुस्तकातलं एक अक्षर बदललं नाही, फक्त लेबलावर लेबल चढत गेलं. आणि त्याहून जुन्या काळी? आमच्याच एका कथासंग्रहात दोन योद्ध्यांची गोष्ट होती, एकमेकांवाचून न जगणाऱ्या. तो संग्रह ‘वीरकथा’ विभागात उघड्यावर होता. आमच्या आजोबांच्या काळात त्याची नवी आवृत्ती निघाली, त्यात ती गोष्टच नाही. म्हणजे माणसं आधी समजूतदार होती आणि मग बिघडली की काय? मला सांगता येत नाही.

दरवर्षी आमची पुस्तकमोजणी होते, आणि दरवर्षी हे पुस्तक ‘कुटुंब’ विभागात सापडायचं. ग्रंथपाल म्हणून मी काकांना लेखी ताकीद दिली. ‘चूक दुरुस्त केली आहे’ असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी पुस्तक पुन्हा तिथेच! असं सात वर्षं चाललं. शेवटी मला वाटलं, यांची नजर गेली. मी त्यांना सरकारी खर्चाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. (हसा, हसण्यासारखंच आहे.) काका निमूटपणे गेले आणि ‘दृष्टी उत्तम’ असा दाखला माझ्या टेबलावर ठेवून आपल्या खोलीत गेले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता बाइंडरविषयी. जुन्या वाचकांना ते आठवत असतील. दर गुरुवारी फाटकी पुस्तकं घेऊन जायचे, पुढच्या गुरुवारी धडधाकट करून आणायचे. बोलायला मोठे गोड, आणि कपड्यांना कायम खळीचा वास. काका त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे, त्यांच्यासोबत. एकतीस वर्षं. आम्ही ‘काकांचे रूम पार्टनर’ म्हणायचो आणि एकमेकांकडे बघून हसायचो. ‘काका, लग्नाचं काय?’ असं तर कितीदा विचारलं असेल. आपलं सगळ्यांचं त्यात मनोरंजन होत होतं.

चार वर्षांपूर्वी ऐन मोजणीत बाइंडर आजारी पडले. मोजणीच्या काळात सगळ्या रजा बंद असतात, फक्त जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण असेल तर सूट. काकांनी अर्ज दिला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘एका घरात राहतो.’ मी म्हटलं, ‘‘काका, हे नियमात बसत नाही हो. मित्रासाठी कुठली रजा?’’ ते म्हणाले, ‘‘बरं, मॅडम.’’

मला माहीत नव्हतं, असं आज म्हणता आलं असतं. पण मला माहीत होतं. मी रकान्याचा आडोसा घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी देवघेवीच्या टेबलावर फोन वाजला, बाइंडर गेले होते. काका कपाट मोजत होते. जिथवर मोजलं होतं तिथे त्यांनी चिठ्ठी खोचली आणि मग निघाले. रुग्णालयात त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, कोण तुम्ही यांचे? बाइंडरांचा पुतण्या आला, त्याने सह्या केल्या. काका बाहेरच्या बाकावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर. आमच्या शिपायाची आई गेली तेव्हा आपण शोकसभा घेतली होती. आपली हजारो पुस्तकं शिवणाऱ्या माणसासाठी घेतली नाही. मी काकांच्या खोलीत गेले आणि काय बोलले माहीत आहे? ‘‘काका, आता बाइंडिंगची पुस्तकं कुठे पाठवायची?’’ हे माझं सांत्वन. या वाक्याची मला आजही लाज वाटते, रात्रंदिवस वाटते.

यंदा नवीन वर्गीकरण आलं. तो विषय ‘कुटुंब’ विभागात गेला, अधिकृतपणे. परिपत्रक घेऊन मी जवळजवळ धावत काकांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. पुस्तक मागवलं, कणा हाताने पुसला आणि म्हणाले, ‘‘त्याच्या हातचं बाइंडिंग आहे, मॅडम. लेबल जरा जपून लावतो.’’ बस्स, एवढंच.

हे सगळं सभेत सांगू का, असं मी काल त्यांना विचारलं. म्हणाले, ‘‘सांगा. मला जमायचं नाही.’’

वेळ संपला आहे, याची जाणीव आहे. समितीने मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पदरात घ्यावं. काका, तुमच्याकडे मात्र माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही ‘बरं, मॅडम’ म्हणाल, आणि मी सुटेन.

अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने चार वर्षं राहून गेलेलं एक काम करते. आपल्या ग्रंथालयाचे बाइंडर, आमच्या कार्डकाकांचे जोडीदार, यांच्या निधनाबद्दल दोन मिनिटं स्तब्धता पाळू या. काका, तुम्ही बसा. घरच्या माणसांनी बसायचं असतं. आम्ही उभे राहतो.