भागी धवलेरीचं होम थेटर

नाय, तुम्हीच सांगा! माणसाने आपल्या मोगऱ्याच्या कमाईतून एक होम थेटर घेतलं, तर त्यापायी तीन पाड्यांची माणसं नवे कपडे घालून त्याच्या अंगणात येऊन बसावीत? आणि वर मलाच विचारतात, "तुळशीदास, जेवायला काय केलंस?" अरे, मी बोलावलं कोणाला?

आणि होम थेटर म्हणजे काय फार मोठं नाय हो. एक लांबडा डबा, एक उभा डबा आणि एक माइक. परवडेल असंच. पण आमच्या पाड्यात पहिलंच! पोशेऱ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये मी ते खोकं मांडीवर धरून आणलं, चित्राची बाजू बाहेर करून. म्हटलं, दिसू दे की लोकांना! दिसलंच. ड्रायव्हरसुद्धा दोनदा मागे वळून बघत होता, समोर घाट असताना.

आता तुम्ही म्हणाल, हौस. हौस नाय, तुम्हाला सांगतो, आईसाठी घेतलं. माझी आई भागी, धवलेरी आहे. आमच्यात लग्न भटजी नाय लावत, धवलेरी लावते. ती गाते, एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, हिरवा ये, हिमाय ये, कणसरी ये... देव आले की लग्न लागलं. चाळीस वर्षं गातेय ती. इकडची निम्मी जोडपी माझ्या आईच्या गळ्यातून निघालीत! आणि गेल्या वर्षी आमच्याच पाड्यातल्या ढवळूच्या पोराच्या लग्नात काय झालं? डीजे! आई गातेय आणि पलीकडे धडाम् धडाम्! देवाला काय, शेजारी बसलेल्या बाईला ऐकू येईना. वर ती नवरीची मावशी म्हणते, "आजी, तुमचं दोन मिनिटांत आटपा ना, पोरांना नाचायचंय." दोन मिनिटांत! देव काय एसटी आहेत, हात केला की थांबायला? आई घरी आली, भाकरीला हात लावला नाय. नंतर कोणी बोलावलं तर जेवायला बोलावत, गायला नाय. ती जायचीच नाय. चुलीपाशी गप बसायची. मला ते बघवेना.

म्हणून गेलो जव्हारला. दुकानात एक मंगेश नावाचा पोरगा, केस असे उभे. मी म्हटलं, "डीजेला भारी पडेल असा आवाज दाखव." तो म्हणतो, "काका, हे घ्या. ऑल इन वन! टीव्ही लावा, मोबाईल लावा, पेनड्राइव्ह, रेडिओ, माइकवर गाणं म्हणा... एकात सगळं!" मग विचारतो, "तुमचा हॉल किती बाय कितीचा?" अरे बाबा, हॉल कसला? आमचं घर म्हणजे एकच खोली. त्यातच चूल, त्यातच नाचणीची कणगी, त्यातच कोपऱ्यात शेळ्या. एकात सगळं! तो हसला. मी नाय हसलो, खरं तेच सांगितलं होतं.

घरी आणलं. पोरगी करिष्मा नर्सिंगला आहे, तिला वायरी कळतात. तिने उभा डबा शेळ्यांच्या बाजूला ठेवला, म्हणे, "बाबा, बास कोपऱ्यात चांगला घुमतो." घुमला! कुडाचं घर हो आमचं, कारवीवर शेण-माती लिंपलेली. पहिल्याच दणक्याला भिंतीचा हा एवढा पापुद्रा सुटून धप्पकन खाली. शेळ्यांनी दावी तोडली. माझा बाप रघु ओट्यावर बसला होता, तो बिडी विझवून म्हणतो, "पैसे देऊन घर पाडतंस होय रं?" आणि बायको सकू? तिने नुसतं पडलेल्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तुमच्यापैकी ज्यांना बायको आहे त्यांना कळेल.

म्हटलं, चला, बाहेर. डबे अंगणात मांडले, तोंड दरीकडे. सकाळची वेळ, चैत्र, समोर डोंगर. माइक आईच्या हातात दिला. ती तो उलटा-सुलटा करून बघते, "ह्यात बोलायचा?" मी म्हटलं, "आई, बोल काही पण. हॅलो हॅलो कर." करिष्मा म्हणते, "आजी, वन टू थ्री म्हण."

आता सांगा, धवलेरीच्या हातात माइक दिल्यावर ती वन टू थ्री म्हणेल? तिने डोळे मिटले आणि सुरू! हिरवा ये... हिमाय ये... आणि आवाज, अहो काय आवाज! समोरच्या डोंगरावर जाऊन आपटला आणि परत आला, परत पोशेऱ्याच्या अंगाला गेला. वर्षभर गप असलेला गळा तो! माझ्या अंगावर काटा आला. करिष्माने तर आवाज आणखी वाढवला. मी पण म्हटलं, वाढव! ऐकू दे त्या डीजेवाल्यांना! छाती अशी फुगली होती माझी, की अक्कल कुठल्या कुठे गेली.

कारण आमच्याकडे चैत्रात धवलेरीचं गाणं ऐकू आलं, म्हणजे लग्न आहे! वेगळं आवतण नाय लागत. गाणं ऐकलं की माणूस निघतो.

तासाभरात पायवाटेने रांग! बाया नवी लुगडी नेसून, पोरं तेल लावून. सोम्या कोंबडा घेऊन, जिजा टोपलीभर तांदूळ घेऊन. आणि सगळे माझ्यावर रागावलेले! सोम्या म्हणतो, "पोरीचा लगीन काढलास नि सांगितलास पन नाय?" जिजा म्हणते, "नवरा कुठला रं? वाडीचा का वावरचा?" मी म्हणतोय, "अरे, नवरा नाय, टेस्टिंग आहे, टेस्टिंग!" तर मागून एक म्हातारा विचारतो, "टेस्टिंग कोन गावचा?" करिष्माने दोन्ही हात वर केले, "माझं नाव घेऊ नका, माझी परीक्षा आहे!"

मी आईकडे गेलो. म्हटलं, "आई, सांग ना यांना, माइक बघत होतो." आई म्हणते, "देव आलं." म्हटलं, "आई, बंद कर ना." ती म्हणते, "देवांना बोलावलं नि लगीन नाय लावला, तं परत कसं धाडू? मोकळ्या हातानी? लगीन लागेल. कोनाचा राहिलाय त्याचा लागेल!"

कोणाचं राहिलंय? एकमेकांची तोंडं बघतायत. आणि माझा बाप, रघु, ज्याने सकाळपासून एक बिडी आणि एक टोमणा याशिवाय काही केलं नव्हतं, तो ओट्यावरून म्हणतो, "तुळश्या, तुझाच राहिलाय की रं."

आता शहरातली माणसं डोळे मोठे करतील, पण आमच्यात तसं असतं. जोडी जमली की संसार सुरू होतो, लग्न सवडीने, चार घरांना जेवू घालायची ऐपत आली की. मी आणि सकूने बावीस वर्षं संसार केला. भात लावला, भिवंडीला वीटभट्टीवर गेलो, करिष्माला शिकवली, मोगरा लावला... लग्न तेवढं राहूनच गेलं. म्हटलं, "आता? या वयात? दाढी पण नाय केली!" सकूकडे बघितलं, म्हटलं ही तरी हो-नाय करेल. ती आत गेली. पत्र्याच्या पेटीचा आवाज आला. बाहेर आली ती पिवळी साडी हातात घेऊन, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी विचारलं, "कधी घेतलीस ही?" ती खाली बघून म्हणते, "करिष्मा व्हायच्या आधी."

बावीस वर्षं ती पेटी माझ्या उशाशी होती.

मग काय! बायांनी ती पडलेली भिंत लिंपली, वाळल्यावर तिच्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला. माणसांनी उंबराच्या फांद्या आणून मांडव घातला. सोम्याचा कोंबडा शिजला, जिजाचे तांदूळ शिजले. हळद, गाणं, नाच, जेवण, एकात सगळं! दोन दिवस आई गायली आणि एक माणूस उठला नाय, एकाने आटपा म्हटलं नाय. करिष्मा आपल्याच आईबापाच्या लग्नात करवली म्हणून मिरवली. मी पाटावर बसून आईकडे बघत होतो. डोळे मिटलेले, माइक घट्ट धरलेला, कपाळाला हळद. अभिमान म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यात नवरदेव असल्याने रडतापण येईना!

आता पुढचं ऐका. तेव्हापासून आईला उसंत नाय. खोडाळा, वावर, जव्हारकडचे पाडे, सगळीकडून बोलावणी. डीजेवाला बाजूला चहा पीत बसतो, आई आधी. आणि माझं होम थेटर? घरी राहील तर शपथ! पिक्चर बघायचा म्हणून एकदा लावलं नाय मी. आई पुढे चालते, मी मागून डोंगर चढतो, एका खांद्यावर लांबडा डबा, एका खांद्यावर उभा डबा, गळ्यात वायरी. परवा वावरला नवरीच्या बापाने आम्हाला पाणी दिलं आणि माझ्याकडे बोट करून आईला विचारलं, "आजी, ह्यो कोन?"

मी छाती पुढे काढली. म्हटलं, आता म्हणेल, माझा पोरगा, ज्याने मला हे घेऊन दिलं.

आई पाणी प्यायली, तोंड पुसलं, डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो डबा माझा. नि ह्यो डब्यासंगती फुकट येतो."