भरावावरचा खांदा

ऐका. विस्तवाला फुंकर घालू नका. धूर राहू दे, धुरानं डास लांब राहतात. तुम्ही तिघे आजच आलात. मघाशी तुमच्यातला एक जण विचारत होता, खालच्या छावणीत माझा मामा आहे, भरावावरून चार मैलच तर आहे, रात्री जाऊन उजाडायच्या आत परत येता येईल का. आधी ही गोष्ट ऐका. मग पुन्हा विचारा.

भराव म्हणजे काय ते उद्या कळेलच. जंगलातून मातीचा उंच बांध घातलाय, टोपलीटोपलीनं. त्यावर आडवे लाकडी स्लीपर, त्यावर रूळ. जपान्याला लढाईसाठी आगगाडी हवी आहे आणि घाईनं हवी आहे. माती आपण टाकतो, तमिळ टाकतात, गोरे कैदी टाकतात. जो पडतो तो बहुतेक वेळा त्याच मातीत जातो. वेगळा खड्डा खणायला वेळ कुणाला आहे?

तर लखू मांडवकर. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीतला. वय वीस. डोकं तापट, पाय उतावळे. त्याचा थोरला भाऊ राघो. उंच, हाडापेरानं मोठा, ओझी वाहून वाहून डावा खांदा पडलेला. दोघे मलायात बंदरावर हमाली करत होते. जपानी आले, बंदर बंद पडलं, खायचे हाल झाले. मग एक माणूस येऊन सांगू लागला, रेल्वेचं काम आहे, तीनच महिने, पोटभर भात. राघो म्हणाला, थांब, जरा चौकशी करू. लखूनं चौकशी व्हायच्या आधीच अंगठा दिला. मग राघोनंही दिला. धाकट्याला एकटं कसं सोडणार? राघो इथं आला तो असा. लखूपायी आला.

इथं आल्यावर पुलाच्या कामाला धिप्पाड माणसं निवडली, त्यात राघो गेला खालच्या छावणीत. लखू राहिला वर, या झोपडीत. चार महिन्यांत दोघांची गाठ नाही.

एका संध्याकाळी लाकडं ओढणाऱ्या हत्तीचा माहूत वर आला. त्यानं खुणेनं आणि तोडक्या हिंदुस्तानीत सांगितलं, तुमच्यातला तो उंच माणूस, खांदा पडलेला, त्याला पटकी लागली. सकाळपासून जुलाब-उलट्यांनी आडवा आहे. पाणी मागतो.

पटकीचा माणूस किती वेळ टिकतो ते तुम्ही वाटेत पाहिलंच असेल. लखूनं स्वतःच्या वाटणीचा भात खाल्ला नाही. डब्यात पाणी घालून त्याची पेज केली, कनवटीला जपलेली मिठाची चिमूट त्यात टाकली. आई तापात हेच देई. आम्ही त्याला म्हटलं, दिवस उजाडू दे, मुकादमाच्या पाया पडू, दिवसा जा. भरावावरून रात्री कुणी जात नाही. तर म्हणाला, "मेलेल्यांना काय भ्यायचं? रोज त्यांच्याच शेजारी निजतो ना आपण."

आणि गेला. पहारेकऱ्याची पाठ वळली तशी कुडाखालून सरपटत गेला.

चांदणं होतं. पाऊस थांबलेला. डाव्या हाताला खाली नदी गाजत होती. खाली जाताना नदी डावीकडे असते, लक्षात ठेवा. लखू एकेका स्लीपरवर पाय टाकत झपाझप चालला. एक हात डब्यावर धरलेला. मनात एकच, पेज कोमट आहे तोवर पोचायचं. दादाच्या ओठाला लावायची.

मैलभर गेला असेल. पुढं दोन माणसं दिसली. खांद्यावर बांबू, बांबूला गोणपाटाची झोळी, झोळीत कुणीतरी. मागचा माणूस वाळून काडी झालेला, लटपटत होता. तो थांबला. एक बोट आपल्या खांद्याला लावलं, मग लखूच्या खांद्याला.

आता तुम्हीही डोंगरातलेच. आपल्याकडे आजारी माणसाला डोलीत घालून खाली रस्त्यावर नेतात, तेव्हा वाटेत भेटेल त्यानं काय करायचं? हातातलं टाकून खांदा द्यायचा. कुणाचा माणूस, कुठल्या जातीचा, विचारायचं नाही. दुसरा कुणी येऊन खांदा घेईपर्यंत बांबू सोडायचा नाही. लखू हेच पाहत मोठा झालेला. त्याला वाटलं, माझ्या दादालाही कुणी असंच नेत असेल. शिवाय डोली खालीच चालली आहे. वाट तीच.

त्यानं खांदा दिला.

मागचा माणूस ताठ उभा राहिला. किती दिवसांनी पाठ सरळ केली असेल कोण जाणे. एक लांब श्वास सोडला, भरावाच्या कडेला गेला, उताराला अंग टेकलं आणि मातीत मुरला. पाणी मुरतं तसा. लखूनं ते पाहिलं. पाहून मनाला सांगितलं, अंधारात घसरला असेल बिचारा.

चालू लागले. आधी ओझं हलकं होतं, पोराएवढं. शंभर पावलांवर मोठ्या माणसाएवढं झालं. आणखी शंभर पावलांवर लखूचे गुडघे वाकू लागले. त्यानं पुढच्याला हाक मारली, जरा दम घेऊ. पुढच्यानं मान वळवली नाही. लखूनं खाली पाहिलं. पुढचा माणूस चिखलातून चालत होता, पण चिखलात त्याचं पाऊल उठत नव्हतं. उठत होतं ते एकट्या लखूचं.

तरी तो चालला. काय करणार? झोळीत आजारी माणूस आहे ना. त्यानं विचारलं, कसं वाटतंय, पेज घेता का घोटभर? दादासाठी नेलेली पेज, ऐकताय ना? हात लांबवून त्यानं गोणपाट बाजूला केलं. आत माणूस नव्हता. ओला, काळा स्लीपर होता, खिळ्यासकट.

मग नदीचा आवाज ध्यानात आला. नदी उजव्या हाताला गाजत होती.

वळण नाही, फिरणं नाही, आणि तोंड वरच्या छावणीकडे. पुन्हा थोड्या वेळानं नदी डावीकडे. पुन्हा उजवीकडे. आपल्याकडे चकवा माणसाला शेतात फिरवतो, पहाटे सोडून देतो. हा सोडणाऱ्यातला नव्हता. लखूनं खांदा काढू पाहिला. बांबू कातड्याला चिकटलेला. ओढला तर कातडं यायला लागलं. डबा केव्हाच हातातून पडला होता. आणि चांदण्यात आता दिसू लागलं की पुढं हे दोघेच नाहीत. त्यांच्यापुढं दोघे, त्यांच्यापुढं दोघे, पार वळणापर्यंत. मागंही तसेच. तमिळ, ब्रह्मी, गोरे, सगळे लंगोटीवर, सगळ्यांच्या खांद्यावर बांबू. काम चाललंय. मेल्यावरही काम चाललंय.

तेव्हा लखूला कळलं की यातून सुटायची वाट एकच. पहिला सुटला तशी. दुसऱ्या कुणीतरी खांदा घ्यायचा आणि त्यानं यात अडकायचं. तो देवाजवळ मागू लागला, कुणीही येऊ दे. वाट चुकलेला येऊ दे, पहारेकरी येऊ दे, कुणीही.

आणि कुणीतरी आलं. खालच्या अंगानं, डोक्यावरून घोंगडं घेतलेलं, डावा खांदा पडलेला.

"लख्या? तू इथं काय करतोस रे?"

लखूच्या डोळ्याला धार लागली. दादा उठलाय. दादा चालतोय. त्यानं कसंबसं विचारलं, पोट थांबलं का. राघो म्हणाला, थांबलं, आता काही दुखत नाही, तुझ्याकडेच निघालो होतो. मग त्यानं बांबूकडे पाहिलं, भावाच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. लहानपणापासून जड बाजू नेहमी त्यानंच घेतलेली.

"हो बाजूला. जरा मी घेतो."

ऐका. इथं नीट ऐका. लखूला सगळं ठाऊक होतं. जो घेईल तो अडकेल, हे त्याला ठाऊक होतं. दादा आजारातून आताच उठलाय, अंगात पेजेएवढंही बळ नाही, हेही ठाऊक होतं. नको म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं,

"घे."

राघोनं खांदा लावला. लखूचा बांबू सुटला, थोडं कातडं घेऊन सुटला. आणि लखू पळाला. धाकटा भाऊ थोरल्याला तिथं ठेवून पळाला. राघोनं हाक मारली नाही. लखूनंही वळून पाहिलं नाही. नदी डावीकडे राहिली तेवढं त्यानं पाहिलं.

उजाडताना खालच्या छावणीत पोचला. आजाऱ्यांच्या झोपडीत एक म्हातारा तेलंगी राखणीला होता. लखूनं खुणेनं विचारलं, उंच माणूस, असा खांदा. म्हाताऱ्यानं रिकाम्या फळीकडे हात केला. मग बाहेर पटकीची मढी जाळतात त्या धुमसणाऱ्या खड्ड्याकडे. म्हणाला, काल दिवस मावळताना गेला. तुझं नाव घेत होता.

दिवस मावळताना. म्हणजे लखू इथं पेज करत होता तेव्हाच.

तो वर परत आला तेव्हा आम्ही त्याला हेच समजावलं. अरे, तू जिवंत माणसाला अडकवलं नाहीस. तो मेलेलाच होता. तुला सोडवायलाच आला होता. भाऊ असावा तर असा. लखू ऐकून घेतो. पहिल्या दिवशी एकदाच बोलला, "मला कुठं ठाऊक होतं तो मेलाय? मी जिवंत समजूनच दिला."

यावर काय बोलणार? तुम्हाला सुचत असेल तर सांगा. आम्हाला अजून सुचलेलं नाही.

तर त्या भरावावरून रात्री जाऊ नका. मामा असो, बाप असो. पूर्वी तिथं खांदा मागणारा परक्या मुलखातला होता, खुणा करायचा, माणूस कळून न कळल्यासारखं करून पुढं जायचा. आता तसं नाही. आता मागणारा आपल्या बोलीत मागतो. गेल्या पंधरवड्यात तमिळांची दोन पोरं त्या वाटेनं आली, त्यांना शब्द कळले नाहीत म्हणून ती वाचली. तुम्हाला कळतील. आणि डोंगरातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

तो पलीकडे खांबाला टेकून बसलाय ना, कानावर हात ठेवून, तो लखू. त्याला रोज रात्री जायचं असतं. खांदा घ्यायला, राघोला मोकळा करायला. त्याला धरायला दोघे लागतात. महिनाभर मी आणि याच झोपडीतला दाजी धरत होतो. परवा दाजी पटकीनं गेला, आणि माझ्या हातात आता जोर राहिलेला नाही. धरावं का, हेही मला कळेनासं झालंय. पण आपल्यातला आणखी एक त्या मातीला द्यायला मन होत नाही.

आज तुमच्यातले दोघे त्याच्या दोन्ही अंगांना निजा. दंड धरा, मनगट धरू नका, मनगट सोडवून घेतो तो. शिव्या देईल, चावेल, आईची शपथ घालेल. मग एकदम शांत होईल आणि म्हणेल, सोडा, पाणी पिऊन येतो. तेव्हा सगळ्यात घट्ट धरा.

रडला तर रडू द्या.