नंदाचा हात आखडत न्हाई

—अगं पण परत सांग, मला नीट कळू दे. तू इचारलंस येक, मी समजले येक, अन् त्यापायी तुमच्या त्या संशोधनातनं माझं नाव कटाप? निस्त्या येका शब्दापायी? अन् ते सांगायला तू एस्टीनं फाट्यापत्तुर आलीस, तिथनं चढ चढून आलीस? डाक्टर व्हायला निघालेली पोर तू माधवी, अन् माझ्यासारखीच येडी निघालीस की गं! बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — ओट्यावर बस हितं. अन् बोल हळू. पलीकडं सरूबाई हाय. तिच्या घराची भित आमच्या भितीला लागून, अन् तिचा कान त्या भितीला लागून. पाणी पी. तांब्या तुझा तू घे. न्हाई, मी देत न्हाई, पाव्हण्यानं आपल्या हातानं घ्यायचं — आमच्यात पद्धतच हाय तशी.

तर त्या दिवशी काय झालं, मी सांगते. आमच्या मालकांनी मला तुमच्या कॉलेजच्या दवाखान्यात नेली — गावात लग्नाला जातो म्हणून सांगितलं, लुगडं पण लग्नाचंच नेसले व्हते. तुमचं मोठं सर, माणूस चांगला. म्हणलं, मावशी, अंगातली जी राखण रोगाला हाकलती ना, तीच तुमच्या सांध्यांवर उठलीय. म्हणलं, घरचंच कुत्रं घरच्यांना चावतंय म्हणा की. हसलं. नाव पण सांगितलं विंग्रजीत — रुमाटाईड — मला आपलं रुमाल टाईट वाटलं. मग उशीवर माझं हात मांडलं, जत्रंत बांगड्या मांडत्यात तसं, अन् भवती तुमी सगळी पोरं. सर इचारत्यात, काय दिसतंय? येक म्हणतो, बोटं बाहेरच्या अंगाला कलल्यात. कलल्यात! वाऱ्यानं भात लोळावं तशी लोळल्यात, कलल्यात कसली! अन् तो चष्म्यावाला — त्यानं तर इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, बोटाचा सांधाच धरून दाबला. डोळ्यांपुढं काजवं चमकलं माझ्या. पण मी हूं का चूं केलं? न्हाई केलं. मी काय दुधी भोपळा हाय का, ज्यानं यावं त्यानं नख लावून बघावं?

अन् मग तू म्होरं आलीस. गोड हसलीस, अन् इचारलंस — काय इचारलंस, आठवतंय ना? 'मावशी, तुमचा हात आखडतो का?' झालं! माझं डोस्कं असं फिरलं! म्हणलं, ही बातमी हितवर आली? डोंगराच्या पाठीमागनं, एवढ्या लांब? म्हणून मी वरडले — 'नंदाचा हात कदी आखडला न्हाई! कोण म्हणतो त्याला उभा कर म्होरं!' पोरं फिदीफिदी हसली, अन् तू लिवून टाकलंस, आखडत न्हाई. आता मला काय ठावं, तू सकाळच्याला बोटं ताठरत्यात का ते इचारतीस? आमच्याकडं हात आखडतो तो कंजूष माणसाचा. जेवाय वाढताना, देताघेताना. तुला कदी कळलं म्हणं? तुमच्या मेसमधली बाई तूप वाढताना बोलली तवा? 'मी हात आखडत न्हाई पोरींनो' म्हणली? बघ — तूप वाढणारीनं शिकवलं तुला. सरांना सांग, तिला पण कॉलेजात घ्या.

पण एवढा राग का आला, असं इचारतीस. सांगते. सांगायला काय, अख्ख्या गावाला ठावं हाय. माझी लेक, प्रतीक्षा, शिरगावला दिलीय — आपल्यातलंच घर, जावई सुहास कंपनीत कामाला, पोरगा हलक्या आवाजाचा, चांगला. तिचं हे पहिलंच बाळंतपण. आता पहिलं बाळंतपण कुटं असतं? माहेरात. कुणी गरीब असू दे, कुणी कसं असू दे, पहिलं माहेरातच. अन् मी सांगितलं — सासरीच राहा, तिकडं दवाखाना जवळ हाय, हितं एस्टीचा भरवसा न्हाई. खरंच हाय ना, न्हाई भरवसा! पण गाव काय म्हणलं? 'नंदाबाईनं सोताच्या लेकीला हात आखडला.' डिंकाचं लाडू चुकवले म्हणं मी! लाडू! हळिवाची पुडी फळीवर आणून ठेवलीय, दाखवू का तुला?

अन् म्हणतंय कोण तर ज्यांच्या घरातली पोरं ह्या पायावर न्हायलीत ती. व्हय, मी न्हाऊ घालणारी. माझ्या आयनं शिकवलं. पाय लांब करायचं, पाटाखाली पाणी वाहून जायला वाट ठेवायची, लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं, त्याला तेल चोळायचं, टाळू भरायची, मग कढत पाणी — कढत म्हणजे किती, ते कोपराला कळतं. बौद्धवाड्यात तर झालंच, पण वरच्या आळीत पाटलाच्या सुनेनं पण मलाच बोलावली. त्यांची सासू आदी म्हणली, हिला ओट्यावरनं आत कशी घ्यायची. मी म्हणलं, मग नातू बाहेर आणा. चार दिवस बाहेर न्हाऊ घातलं, पाचव्या दिवशी पोरगं रडून राहिना, तवा तीच म्हणली, नंदाबाई, आत या. तुंगार्लीच्या बंगल्यातनं मला न्यायला गाडी यायची — एसीची! त्यांच्याकडं पुस्तक व्हतं, लेकराला कसं धुवायचं त्याचं. मी म्हणलं, पुस्तक कोरडं राहू दे, लेकरू हिकडं द्या. हात आखडला असता तर झालं असतं का हे?

काय? न्हाई. आता न्हाई जात. दिवाळीपासनं — ह्या दिवाळीपासनं जरा बंद ठेवलंय. थकले, असं सांगते. सरू जाती आता माझ्या बदली… असं बघू नको माझ्याकडं. तुमच्या सरांनी शिकवलंय का असं बघायला? गप बसायचं अन् बघायचं, म्हणजे माणूस आपसुक बोलतं? लय वंगाळ शिकवण हाय ती!

सकाळी काय, सकाळी काय न्हाई. सकाळी आमचं मालक उठत्यात, चूल पेटवत्यात. माझी येणी घालून देत्यात — वाकडी घालत्यात, पण घालत्यात. हे लिवू नको! पेन खाली ठेव. गावात कुणाला ठावं न्हाई की ह्या म्हाताऱ्याला येणी घालता येती. चहाची कपबशी मी दोन्ही मनगटात धरते, अशी, वंजळीसारखी. उन्ह ओट्यावरनं उतरून त्या पेरवाच्या बुंध्यापत्तुर जाईस्तवर ही बोटं माझी नसत्यात. कुणाची तरी असत्यात. त्यानंतर जराशी माझी व्हत्यात. पण लेकरू काय दुपारपत्तुर थांबतंय? तान्ह्याची मान धरायची म्हणजे बोटांचा असा आकडा करावा लागतो, कानशिलामागनं. माझा आकडा व्हत न्हाई. झालं समाधान? व्हत न्हाई! पाण्यात, तेलकट अंगाचं लेकरू, अन् माझा आकडा व्हत न्हाई!

मग काय सांगू गावाला? न्हाऊ घालणारीचं हात वाकडं झालं? येक बाई आपलं लेकरू देणार न्हाई. उद्या कीव करत येत्याल — अगंबाई नंदे, भाकरी तरी थापता येती का? त्यापरीस कंजूष म्हणू दे. कंजूषाला लोक नावं ठेवत्यात, कीव न्हाई करत. अन् प्रतीक्षाला काय सांगू? ती हितं येऊन माझीच सेवा करत बसंल. बाळंतीण ती का मी? म्हणून म्हणलं, राहा तिकडंच.

काय म्हणलीस?

…तिला काय वाटलं असंल?

तिला काय वाटायचंय. तिनं इचारलंच न्हाई कायबी. मी फोनवर सांगितलं, तवा म्हणली, 'बरं आई.' बास. निस्तं बरं आई. अगं ही पोर तशी न्हाई! तिला वांगं वाढलं तर वांगंच का, म्हणून जेवणभर भांडायची. कॉलेजला लांब जाऊ देत न्हाई म्हणलं तवा दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई. अन् आता पहिलं बाळंतपण नाकारलं, तर बरं आई? …म्हणजे तिला पण तसंच वाटलं. गावावाणी. आईनं हात आखडला.

न्हाई, रडत न्हाई मी. धूर हाय चुलीचा. मालकांना चूल विझवता येत न्हाई, निस्ती पेटवता येती.

लिव. घे ते पेन. आखडतो म्हणून लिव. दोन्ही. उजवा जास्ती. तुमचं औषध चालू केलं तर काय व्हईल म्हणलं सर? सूज उतरंल, कळ कमी व्हईल, पण जी बोटं वाकडी झाली ती सरळ व्हायची न्हाईत. ठीक. खरं सांगितलं ते बरं केलं. मी येते तुमच्याकडं. पोरांना शिकवायला बसते पण, उशीवर हात मांडून बसते. पण आदी नाव सांगायचं, मग इचारायचं, मग हात लावायचा, अन् दाबताना माझ्या तोंडाकडं बघायचं, हाताकडं न्हाई. कळ तोंडावर दिसती. ज्याला हे जमायचं न्हाई, त्यानं जनावराचा डाक्टर व्हावं — न्हाई, ते पण नको, माझ्या शेळ्यांनी काय पाप केलंय!

अन् हळू कशाला बोलतीस आता? मोठ्यानं बोल की. अगं ये सरू! सरे! ऐकतीस ना? का आता कान दुसऱ्या भितीला लावलास? नंदाचा हात आखडतो! पैशाचा न्हाई, हाडाचा! रोग हाय, रुमाल टाईट नावाचा! सांग जा गावाला, वरच्या आळीत पण सांग, पाटलाच्या म्हातारीला आदी सांग! अन् तू आता मोकळी राहा. माझी लेक येतीय बाळंतपणाला. लेकरू माझ्या पायावर न्हाईल — पायाला काय धाड भरलीय माझ्या? पाय चांगलं दणकट हायत! मान तू धर, पाणी तू घाल, अन् कढत किती ते मी सांगीन! हात तुझं, पाय माझं!

…बघ, कशी गप झाली. हिला गप केलेली गावातली पहिली बाई मी.

आता तेवढा फोन लाव. माझं बोट त्या काचेला लागतं येकीकडं अन् उमटतं भलतीकडं, मागं म्हशीच्या दलालाला लागला फोन. प्रतीक्षा म्हणून हाय बघ, लेकीचा फोटू हाय. दाब. वाजतोय? हिकडं दे, कानाला धर — न्हाई, दे, माझी मी धरते, दोन मनगटांत बसतो. अन् तू ऊठ. एस्टी सुटंल तुझी. अगं जा म्हणते ना! तुझं इचारून झालंय सगळं, आता हे माझ्या लेकीला सांगायचं हाय, ते तुझ्या म्होरं न्हाई सांगायची मी. जा.

…हॅलो. पोरी, मी बोलते—