डावीकडची सीट

— नाही नाही, पुढंच बस! मागे जागा आहे, माहितीये मला, पण मला तू पुढं हवायस. इथं, डावीकडं. नारिनपर्यंत यायचंय ना? मग ही सीट तुझी, आणि ह्या सीटला एक काम असतं. आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आणि माझ्या गाडीचं स्टेअरिंगही उजवीकडं — जपानहून आलीय, तिकडची रीत सोडत नाही. आता समोर ट्रक असला की मला काय दिसतं? ट्रकचं ढुंगण! पुढचं बघायचं तर अर्धी गाडी बाहेर काढावी लागते, आणि तेवढ्यात समोरून कुणी आलं तर — आटोपलंच मग. तुला तिथून सगळं स्वच्छ दिसतं. तू फक्त सांगायचं, रस्ता मोकळा आहे की नाही. मान नको हलवूस, मोठ्यानं बोल. हां, असं!

घाबरलास? अरे, ही गाडी म्हणजे सोनं आहे. पेट्रोलचा नुसता वास दिला तरी चालते. माझा मेहुणा असानबाय, कोचकोरला असतो, त्याच्याकडं जर्मन गाडी. दार लावलं की कसा तिजोरीसारखा आवाज येतो, म्हणून आल्या-गेल्याला दार लावून दाखवतो. मी म्हणतो, बाबा, गाडी घेतलीस की दार घेतलंस? माझी बघ, मागच्या काचेवर जपानी दुकानाचा स्टिकर अजून तसाच. काढायचा नाही, तीच तर खरी ओळख! आणि सुरू केली की आतून एक जपानी बाई काहीतरी सांगते. काय सांगते, कुणाला ठाऊक? बुरुल म्हणायची, ही तुझी धाकटी बायको, निदान हिचं तरी ऐक. — बुरुल कोण? माझी बायको. थोरली. म्हणजे एकुलती एक. — मोकळा आहे? बघ नीट. नाही? मग नाही म्हण ना!

कोचकोरला जरा थांबू हं. बटाट्याचं पोतं घ्यायचंय. मेहुण्याच्या घरून. हो, तिथंच आहे ती सध्या, माहेरी... नवा कल्पाक? असाच घातलाय. उकडतंय म्हणून टोपी घालू नये, असा कायदा आहे का? — बरं, सांगतो. तसं काही विशेष नाही. मेहुण्याच्या नातवाच्या जेवणावळीत सगळे बाप्ये बसलो होतो, गाड्यांवरून जुंपली, आणि असानबाय म्हणाला, उजव्या स्टेअरिंगवाले सगळे बायकोच्या जिवावर ट्रक ओलांडतात. हसले ना सगळे! मग मी काय गप्प बसू? म्हटलं, मला कुणाची गरज नाही, ती नुसती सीट गरम करते. आणि नेमकी तेव्हाच ही चहा घेऊन दारात. किटली ठेवली, गेली. सकाळी मी गाडी काढली तर ही अंगणात उभी — जा की मग, म्हणाली, सीट गार असली तरी चालेल तुला.

गेलो. गेलो की! आणि डोलोनच्या घाटात गवताच्या ट्रॅक्टरमागं अख्खा चढ चढलो. सायकलवाल्यानं मला ओलांडलं, भाऊ. वर हात केला त्यानं. असानबाय आता म्हणतो, स्टेअरिंग डावीकडं बसवून घे, त्याच्या ओळखीचा कारागीर आहे, मग कुणाचं तोंड बघायला नको. खरंय. बसवता येतं. पण मग तिला मी काय सांगून बोलवू? घर मला खायला उठतं रे. बटाटे नारिनलाही मिळतात.

हं, आलं घर. तू बस, कल्पाक सरळ आहे ना बघ माझा — बस, आलोच.

— चल. हळू बोल. हो, आलीय, आणि मुद्दाम मागे बसलीय. तुला उठवू का म्हणून मीच तिला विचारणार होतो, तर म्हणाली, पाहुण्याला उठवायचं नाही. बोललो मी, सगळं बोललो, असानबायसमोर, त्याच्या बायकोसमोर, शेजारी भिंतीवरून ऐकत होता त्याच्यासमोरही. म्हटलं, हिच्याशिवाय मला गाढवाची गाडीसुद्धा ओलांडता येत नाही, ही गाडी मी एकट्यानं कधी चालवलीच नव्हती. असानबाय हसला. हसू दे. ही हसली नाही. गाठोडं घेतलं, बसली.

आला बघ कोळशाचा ट्रक. काय? मोकळा आहे म्हणतोस? असेल. तुझ्यावर अविश्वास नाही, भाऊ, पण मी नाही काढणार. अगदी मैदानासारखा मोकळा असला तरी नाही. जाऊ दे ट्रकला, धूर खाऊ, मला घाई नाही. मागून हॉर्न वाजवतायत, वाजवू दे —

काय गं? काय म्हणालीस? थांबवू? थांबवतो, थांबवतो, ही बघ कडेला घेतली... ह्या वेगानं गेलो तर घाटातच हिवाळा गाठेल म्हणतेस? अगदी बरोबर! पाहुण्याला मागे पाठवू?

ऐकलंस ना, भाऊ? मग बसलायस काय असा? उतर! पिशवी घे, मागे जा, ऐसपैस बस. आणि हे बघ — आता रस्त्याकडं बघायचं नाही, सांगायचं-बिंगायचं तर मुळीच नाही. तू डोंगर बघ.