दोन गाल, पाच प्रश्न

डुमाझिले: आरसा ठेव खाली. बधिर करायचं मलम लावून दहा मिनिटं झालीत. एवढ्यात काय गाल उगवणार आहेत?

झिबुयिले: शेवटचं बघून घेते गं. हे बघ, या खड्ड्यात अजून माझा अंगठा मावतो.

डुमाझिले: माझ्याही गालात मावतो. त्यात कौतुक काय?

झिबुयिले: आज चिडायचं नाही हं, मागुमेडे, गुमेडेंच्या लेकी. सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. टॅक्सीत मी गात होते, ऐकलंस?

डुमाझिले: अख्ख्या उमलाझीने ऐकलं. ड्रायव्हरने बिचाऱ्याने आपला रेडिओ बंद केला.

झिबुयिले: मग! तीन आठवड्यांनी त्याच गाण्यावर नाचायचंय मला. माझ्या नोलवाझीच्या सासरची माणसं लग्नाच्या भेटी घेऊन अंगणात येणार, मला चटईवर बसवणार, एकेक बाई पुढे येऊन माझ्या खांद्यावर ब्लँकेट घालणार, डोक्याला रुमाल बांधणार. मुलीची आई म्हणून! रुमाल बांधताना तोंड किती जवळ येतं माहितेय तुला? एवढं. एवढं जवळ.

डुमाझिले: येऊ दे. चावणार आहेत का?

झिबुयिले: त्यात जावयाची ती आत्याही असणार ना.

डुमाझिले: कोणती? तुझं आल्याचं सरबत न पिणारी?

झिबुयिले: तीच. लोबोलाच्या गाई किती द्यायच्या ते ठरल्यावर भेटायला आले होते तेव्हाची गोष्ट. दोन दिवस खपून केलेलं सरबत. ती फाटकातून आत आली, माझ्या गालांकडे पाहिलं आणि संपलं. तासभर ग्लास धरून बसली, ओठ लावला नाही. निघताना नोलवाझीला विचारते, "आईची तब्येत बरी असते ना गं?" मान अशी वाकडी करून. मी तोंड उघडायच्या आधी बाईने माझी फाइल वाचून टाकली होती.

डुमाझिले: वाचू दे की. खोटं थोडंच लिहिलं होतं? वीस वर्षांपूर्वी छातीवर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेले शर्ट घालून आपण डर्बनच्या रस्त्यांवर ओरडत होतो. तू माझ्याहून मोठ्याने. आणि आता एका ग्लासभर सरबतासाठी गाल भरून घेणार.

झिबुयिले: शर्ट मी सकाळी घालायचे आणि संध्याकाळी काढायचे. गाल काढून ठेवता येतात का?

डुमाझिले: तसं नाही म्हणत मी.

झिबुयिले: मला काही लपवायचं नाहीये. जावयाला मी स्वतः सांगितलं, चहा ओतता ओतता. आत्यालाही सांगेन एक दिवस, अगदी समोर बसून. पण मी सांगेन तेव्हा तिला कळू दे. मी सांगायच्या आधीच माझ्या गालांनी सांगायला नको.

डुमाझिले: बरं. पण ठरलंय ते ठरलंय. पाच प्रश्न. एक जरी चुकला तरी आपण उठायचं.

झिबुयिले: तोंडाला मलम असलं तरी?

डुमाझिले: गेल्या आठवड्यात नाही का उठलो?

झिबुयिले: ही डॉक्टर चुकली तर मी रडेन हं. तीन आठवड्यांत दुसरी कुठून शोधू?

डुमाझिले: रड. पण उठून रड.

डॉ. मोलेफे: नमस्कार, मी डॉक्टर मोलेफे. यातल्या पेशंट कोण? बरं, मलमावरून कळलंच. तुम्हाला मासिबिया म्हणू का?

झिबुयिले: म्हण ना बाळ. सिबियांचीच लेक मी. ही मागुमेडे. माझी सोबतीण.

डॉ. मोलेफे: बहीण?

डुमाझिले: सोबतीण. आमच्या काळी सोबतीण आणल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. तिच्या गोळ्यांवर लक्ष मी ठेवायचे, माझ्यावर ती. आता हे नवं औषध टोचून घेणार म्हणते, तर मी आले.

डॉ. मोलेफे: मग इथे जवळच बसा. मासिबिया, जुनी गोळी किती वर्षं घेतलीत? स्टॅव्हुडिन?

झिबुयिले: चार वर्षं. जीव वाचवला तिने, खोटं कशाला बोलू? पण तोंडावरचं मांस ओरबाडून नेलं. वजन वाढत होतं आणि गाल आत जात होते. नंतर गोळी बदलली, गाल काही परत आले नाहीत.

डॉ. मोलेफे: आणि आताचा रिपोर्ट?

झिबुयिले: रक्तात विषाणू सापडत नाही. वर्षानुवर्षं सापडत नाही. शोधून शोधून दमले ते.

डॉ. मोलेफे: छान. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, गेल्या आठवड्यात दुसरीकडे मलम लावलं होतं. तिथे काही टोचलं का? खरं सांगा, त्यावरून आजचं ठरेल.

झिबुयिले: नाही गं बाई, टोचू दिलंय कुठे हिने! मॉलमधलं सलून होतं. ती शँटेल, गुलाबी नखं, काय गोड बोलते! मला शॅम्पेनसारखं काहीतरी दिलं, केस धुऊन दिले, म्हणाली, "मम्मी, अर्ध्या तासात तुम्ही नोलवाझीची बहीण दिसाल." मी तर विरघळलेच. मलम लावून झालं, सुई भरून झाली...

डुमाझिले: मी विचारलं, याचं नाव काय? म्हणाली, आमचं खास मिश्रण आहे. बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलेलं.

झिबुयिले: मी तरीही बसून होते. खोटं नाही सांगत. माझं मन म्हणत होतं, असू दे गं, नाव नसलं तर नसलं.

डुमाझिले: मग मी विचारलं, साइड इफेक्ट काय? तर हसून म्हणते, "याला साइड इफेक्ट नाहीतच."

झिबुयिले: आणि दोघी एकदम उठलो! एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. बाळ, हे वाक्य आम्हाला आधी एकदा सांगून झालंय. त्याचंच तर हे तोंड झालंय.

डुमाझिले: मग ही ओल्या केसांनी, अर्धं तोंड बधिर, मॉलभर माझ्यामागे. सूप प्यायला बसलो तर अर्धं सूप ब्लाउजवर.

डॉ. मोलेफे: बरं झालं उठलात. मग आज मलाही विचाराल ना?

डुमाझिले: त्याचसाठी बसलेय. पाच प्रश्न आहेत. आमच्या गोळ्यांच्या वर्गात सिस्टर बेंगू पट्टी आपटून पाठ करून घ्यायची.

झिबुयिले: चाल होती त्याला! टाळी वाजवून म्हणायचं. म्हणू का? नाव काय गं, करतं काय...

डुमाझिले: मलम सांडेल. डॉक्टर, पहिला. याचं नाव काय?

डॉ. मोलेफे: हायलुरॉनिक ॲसिड. हा बंद खोका. तुमच्यासमोर फोडते. आत दोन स्टिकर आहेत, नंबर आणि तारखेसकट. एक माझ्याकडे राहील, एक तुमच्या कार्डावर चिकटवून देईन.

झिबुयिले: कार्ड! आपल्याला पुन्हा कार्ड मिळणार, मागुमेडे!

डुमाझिले: तारीख मला वाचू दे. हं. दुसरा. आत जाऊन करतं काय?

डॉ. मोलेफे: जागा भरतं. बस. गेलेली चरबी परत आणत नाही. पाणी धरून ठेवतं, म्हणून गाल वर येतो. वर्ष-दीड वर्षाने शरीर ते जिरवून टाकतं, मग पुन्हा यावं लागेल.

डुमाझिले: म्हणजे पाचवा पण झाला, किती दिवस टिकतं तो. तिसरा. बिघडलं तर पहिलं काय दिसेल?

डॉ. मोलेफे: सूज आणि काळंनिळं होणं हे बिघडणं नाही, ते आठवड्यात जातं. पण कातडी पांढरीफटक किंवा जाळीसारखी जांभळी दिसली, दुखणं वाढत गेलं, किंवा डोळ्यापुढे अंधुक झालं, तर औषध रक्तवाहिनीत शिरलंय. क्वचित होतं. झालं तर कातडी मरू शकते. नजरही जाऊ शकते.

झिबुयिले: नजर?

डॉ. मोलेफे: हो, मासिबिया. हे मी तुम्हाला गोड करून नाही सांगणार.

डुमाझिले: चौथा. मग काय करायचं, आणि ते इथे आहे का? "मागवता येईल" नको. इथे.

डॉ. मोलेफे: या ट्रेमध्ये, तुमच्या हाताजवळ. विरघळवणारं इंजेक्शन. गालासाठी हे चांगलं काम करतं. डोळ्यासाठी खात्री नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावलाय आणि गाडी खाली उभी असते. आणि बोथट टोकाची सुई वापरते, तिने धोका कमी होतो. संपत नाही.

डुमाझिले: कधी वापरावं लागलंय हे विरघळवणारं?

डॉ. मोलेफे: एकदा. दोन वर्षांपूर्वी. ओठाच्या कडेला कातडी पांढरी पडली. ती बाई घरी निघाली होती, मी जिन्यावरून परत बोलावलं. बरी झाली. पण त्या रात्री मी झोपले नाही.

झिबुयिले: ...उठायचं का, मागुमेडे?

डुमाझिले: बस खाली.

झिबुयिले: म्हणजे पास?

डुमाझिले: बस म्हटलं ना. शँटेलची म्हणे एकही चूक झालेली नव्हती. हिची झालीय, आणि ही जिन्यावर धावली.

झिबुयिले: हाय! मग डॉक्टर, हा फोटो घे. ओळखपत्रासाठी काढला होता, नोलवाझी तेव्हा पाठीला बांधलेली. मुलीच्या सासरचे मला ब्लँकेट घालणार त्या दिवसासाठी असे कर गाल. अगदी असेच.

डॉ. मोलेफे: केवढ्या होतात?

झिबुयिले: पंचविशीची.

डॉ. मोलेफे: हे नाही करणार मी. एवढं भरलं तर तुम्ही ब्लँकेट घ्यायच्या दिवशी फुग्यासारख्या दिसाल. जे गोळीने नेलं तेवढंच परत द्यायचं. वयाने जे नेलं ते राहू द्या. आज थोडं, दोन महिन्यांनी राहिलेलं.

झिबुयिले: थोडं म्हणजे, जावयाच्या त्या आत्याला दिसेल एवढं?

डॉ. मोलेफे: तिला काही दिसू नये एवढं.

झिबुयिले: अगं, हेच तर! हेच मी तीन महिने सांगतेय सगळ्यांना! दिसायला नकोच आहे! कर, कर, आधी डावा कर. मी आनंदाने, लग्नात बायका मारतात तशी किलकारी मारू का एकदा?

डॉ. मोलेफे: आत्ता मारून घ्या. सुई गालात असताना नको.

(एक गाल होतो. एकदाही किलकारी येत नाही.)

डॉ. मोलेफे: नजर कशी आहे? भिंतीवरचा नंबर वाचा बघू.

झिबुयिले: शून्य तीन एक... सगळा दिसतोय. दुखत नाहीये. आरसा द्या. नको, नको. आधी तू बघ, मागुमेडे. बोल काहीतरी.

डुमाझिले: थांब. इकडे वळ. आता तिकडे वळ.

झिबुयिले: बोल ना गं! जीव जाईल माझा!

डुमाझिले: डाव्या बाजूला तू घरी केक घेऊन आलेली दिसतेस. उजव्या बाजूला अजून दवाखान्याच्या रांगेत आहेस.

झिबुयिले: आरसा दे. ...अगं बाई. अगं बाई गं. ही तर माझी आई.

डॉ. मोलेफे: आवडलं नाही?

झिबुयिले: माझी आई म्हातारी झालीच नाही, बाळ. लवकर गेली. म्हातारपणी कशी दिसली असती ते मला आज कळलं. आणि फोटोत मी काय मागत होते, वेडी! मागुमेडे, रडायला लावू नकोस, डॉक्टर ओरडेल.

डुमाझिले: मी काही केलं नाहीये. सरक जरा. दुसरा व्हायच्या आधी तुझ्या उजव्या बाजूला बसू दे मला. फोन कुठाय तुझा?

झिबुयिले: फोटो? अशा अर्ध्या तोंडाचा?

डुमाझिले: याच बाजूचा. माझा गाल आणि तुझा. रांगेतला शेवटचा. हस, पण थोडंच.

डॉ. मोलेफे: मी काढते. जवळ या. झालं. करू आता उजवा?

झिबुयिले: कर. आणि मागुमेडे, त्या दिवशी तू माझ्या शेजारी चटईवर बसायचं. आत्या तुझ्याकडे बघून मान वाकडी करेल, तर मी सगळ्या बायकांसमोर तुझ्या ग्लासातलं सरबत पिईन. उष्टं.

डुमाझिले: हलू नकोस. सुई आहे.

झिबुयिले: तोंडाने नाही, मनात बोलतेय मी.

डॉ. मोलेफे: मासिबिया, पाच मिनिटं मनातही नको. ...बास. झालं. वाचा नंबर. छान. आता अर्धा तास इथेच बसा, कातडीवर लक्ष ठेवते. हा तुमचा स्टिकर, कार्डावर लावलाय. मारा आता किलकारी.

झिबुयिले: येत नाहीये! बाळ, दोन्ही गाल झोपलेत, आवाजच बाहेर येत नाहीये! हसवू नका कोणी मला! आरसा, आरसा... तू स्वतःचा गाल का चाचपतेयस, मागुमेडे? दुखतोय?

डुमाझिले: डॉक्टर, तो खोका दाखव जरा. याचं नाव काय म्हणालीस?

झिबुयिले: अगं, विचारलंस ना मघाशी.

डुमाझिले: मघाशी तुझ्यासाठी विचारलं होतं.