फोटो धुताना गेलेली तीट

पद्मावती: धुवूक सांगलेलो तो फोटो, सगुणा. पोराचा तोंड धुवूक कोणी सांगला?

सगुण: काकी, आधी उठा तरी. पाकीट तुमच्याखाली आहे. फोटो वाकला म्हणजे माझं जे काय थोडंफार नाव आहे, ते पण वाकेल.

पद्मावती: वाकू दी.

(पेडणे तालुक्यातलं हळर्ण गाव. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटून पंधराएक वर्षं झालेली. पद्मावतीकाकी ओसरीवरच्या पाटावर बसल्यात त्या फोटोंच्या पाकिटासकट, आणि आता त्यांना कोण उठवतो ते बघायचंच आहे. समोर पेडण्याच्या बाजारातला सगुण फोटोग्राफर, टोपी हातात, टक्कल घामानं चमकतंय. दारात सून सुमन, लग्नाआधी डिचोलीला शाळेत मास्तरीण होती ती. मांडीवर तान्हा भिकू. भिकूचा बाप विठ्ठल बाहरीनला नोकरीला. मुलगा झाला हे त्याला कळलंय, पण अजून तोंड काही पाहिलेलं नाही.)

सगुण: बरं, मी गुन्हा कबूल करतो. फोटो चांगला आला, हाच गुन्हा. सबंध आयुष्यात माझा एक फोटो चांगला आला आणि तो कोणाला बघायला मिळत नाही, कारण त्याच्यावर तुम्ही बसलात.

पद्मावती: चांगलो खयचो? तीट खय गेली? त्या दिवसा मिया स्वता ह्या बोटान काजळ घातलंय. एवडी तीट, गालार, तुज्या डोळ्यांदेखत. आनी फोटोत बघतंय तर गाल कसो? सोललेलो नारळ जसो!

सगुण: त्याला रिटचिंग म्हणतात, काकी.

पद्मावती: चोरी म्हणतत तेका.

सुमन: आई, सदाशिवभाऊ इतक्यात येतील हो. त्यांची बस चुकली तर पुढचं मुंबईचं विमान पण चुकेल. फोटो त्यांच्याबरोबर नाही गेला तर मग कोण आहे बाहरीनला जाणारं? द्या ना.

पद्मावती: देवचंय नाय. थय विठूबरोबर एका खोलयेत किती जण रवतत, ठावक आसा तुका? सगळे आपली बायल-पोरां सोडून गेलेले. एकेकाची नजर कशी आसतली! एकान जरी म्हटल्यान, "वा, काय गुटगुटीत झिल," की झाला. पयली नात विनू गेली, तिच्या मागसून हो झालो. दिश्ट लागू नये म्हणान नाव सुदीक भिकाजी ठेवलंय. आनी आता तेका उगड्या तोंडान दर्यापार धाडू?

सगुण: अहो, भिकू इथेच आहे. आईच्या मांडीवर. दर्यापार कागद जातोय.

पद्मावती: कागदार कोण आसा?

सगुण: भिकू.

पद्मावती: मगे?

सगुण: कोल्हापूरला जाऊन फोटोग्राफी शिकलो, पण हा धडा तिथे नव्हता.

पद्मावती: कोल्हापुराक जावन तू "आहे" आनी "नाही" बोलूक शिकलंस. दुसरा काय शिकल्याचा दिसणा नाय.

सगुण: माझा बापूस पण हेच म्हणायचा. तो तर म्हणायचा, एवढ्या पैशात म्हैस आली असती, आणि म्हशीनं निदान दूध दिलं असतं.

सुमन: अगो बाय, उठला हा. गप, गप, राजा.

सगुण: बघा. मी नुसता बोललो आणि त्यानं भोकाड पसरलं. तालुक्यातली सगळी पोरं मला बघून रडतात. आया धाक घालतात, जेव गप, नाहीतर सगुण फोटोवाला येईल. ह्यानं त्या दिवशी काय केलं आठवतंय ना? माझ्या पडद्यावरच्या बागेवर मुतला. म्हटलं, असू दे, रंगवल्यापासून त्या बागेला कोणी पाणी घातलं नव्हतं.

सुमन: धुतलात ना पडदा?

सगुण: धुतला. गुलाब गेले, डाग राहिला. एवढ्या वर्षांत मला बघून एकच मूल हसलं. मी ऐटीत पोझ सांगायला मागे सरलो आणि माझं टक्कल खिडकीच्या फळीवर आपटलं. घरातली सगळी अरेरे अरेरे करायला लागली, आणि ती एवढीशी पोर खदखदून हसली. माझ्या कलेला मिळालेली तेवढीच एक दाद.

सुमन: ते जनेल हेच, सगुणभाऊ. ती पोर म्हणजे आमची विनू.

सगुण: हो... हेच. वहिनी, चाय मिळेल का घोटभर?

पद्मावती: चाय मागीर. आदी तीट कित्याक काढलंस ता सांग.

सगुण: सांगतो. हे बघा, ज्याच्यावरून फोटो छापतो ती निगेटिव्ह. तिच्यावर सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. भिकू तिथे तुमच्या तव्याएवढा काळा, आणि तीट म्हणजे एक पांढरा ठिपका. मला वाटलं, धूळ बसली. घेतली पेन्सील आणि दिला भरून.

पद्मावती: धूळ वाटली?

सगुण: चष्म्याचा नंबर वाढलाय हो. परवा बायकोचा फोटो काढत होतो. म्हटलं, जरा हनुवटी वर कर. ती मागून म्हणाली, कोणाची? मी भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलत होतो.

पद्मावती: आनी तुज्या दुकानात दारातच त्या परबांच्या नातवाचो फोटो लायलंस, तेच्या गालार तीट आसा ती? सुपारयेएवडी! थय नाय धूळ दिसली?

सगुण: तिथे... तिथे कंटाळा केला.

पद्मावती: आनी हय बरो हुरूप इलो?

सगुण: आमच्या गुरुजींनी शिकवलेलं, काकी. चेहऱ्यावर डाग म्हणून ठेवायचा नाही.

पद्मावती: आत्ताच धूळ होती, आता गुरुजी इले. अरे मेल्या, फट मारूची तर एक तरी नीट मार!

सगुण: तेवढी अक्कल असती तर फोटोग्राफर कशाला झालो असतो? वकील झालो असतो. बरं, भांडण नको. माझ्याकडे ब्रश आहे. इथल्या इथे फोटोवर तीट काढून देतो, हुबेहूब.

पद्मावती: कशान? शायन? शायची तीट खय आसता? काजळच व्हया.

सगुण: काजळ तर काजळ. उठा, घेऊन या.

पद्मावती: मिया उठतंय आनी तू पाकीट घेवन सायकलीर बसतंस. माका शिकयतंस? सुमन, काजळाची डबी हाड गो.

सुमन: नाही आणणार.

पद्मावती: काय म्हटलंस?

सुमन: डबी आणणार नाही मी. तीट मीच काढायला सांगितली. धूळ नव्हती आणि गुरुजीही नव्हते. सगुणभाऊ निघाले तेव्हा पाणंदीपर्यंत गेले आणि सांगितलं, आईंना काही बोलू नका.

सगुण: वहिनी, कशाला सांगितलंत? माझं बरं चाललं होतं.

पद्मावती: बरा चललेला? कॅलेंडराची हनुवटी वर करीत होतंस! तू गप रव. सुमन, कित्याक केलंस ह्या?

सुमन: विनूच्या फोटोत होती ना तीट?

सगुण: मी जरा सायकलीतली हवा बघून येतो.

पद्मावती: बस थय.

सुमन: केवढी होती! आणि ती हसायला लागली, तुम्ही पदर घेऊन नीट करायला गेलात आणि काजळ गालभर झालं. फोटो तसाच निघाला. हे बाहरीनहून आले तेव्हा विनू कुठे होती? बापानं लेक बघितली ती तेवढ्या फोटोत. मी म्हटलं, अहो, तुमच्यासारखीच खळी होती तिला. फोटो घेऊन जनेलाशी गेले. कितीदा तिरका केला, सरळ केला. म्हणाले, कुठे गो? मी बोट ठेवलं तिथे नुसतं काळं. फोटो ठेवून दिला आणि परसात जाऊन उभे राहिले. माझ्या जिवाला ते अजून लागून राहिलंय, आई. म्हणून म्हटलं, हा तरी बापाला सबंध दिसू दे.

पद्मावती: म्हणजे माज्या तिटीन...

सुमन: तुमच्या तिटीनं काही केलं नाही. तिनं मारलं नाही आणि राखलंही नाही. ताप होता तो.

सगुण: ताप होता, काकी. त्या साली आमच्या पेडण्यात पण...

पद्मावती: गप रे.

सगुण: गप्प.

पद्मावती: सुमन, पोराक असा उबा धरू नको, तेका उचकी लागली. हां, तसा. माजी माय गालार कदी तीट घालीत नाय होती. तळपायाक घाली. आमका धा भावंडांक तळपायाकच घातल्यान.

सुमन: मग तुम्ही गालावर का घालता?

पद्मावती: तळपाय कोण बघता? वाड्यार सगळ्यांक दिसाक नको, आजयेची माया केवडी मोठी ती? म्हणान एवडी थोरली तीट, उगड्या तोंडार. हेका हसतंय, दुकानार "आर्टिस्ट" म्हणान पाटी लायल्यान म्हणान. मिया काय वेगळा केलंय? माजी पाटी पोरांच्या गालार.

सगुण: तुमची पाटी तरी बरोबर होती. माझ्या शिक्क्यावर रफार विसरलेत. "सगुण फोटो आटिस्ट." शिक्का बनवणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, तुमचे फोटो बघून वाटलं तसंच असेल.

पद्मावती: खय मारतंस तो शिक्को?

सगुण: फोटोच्या मागे. पाठीवर.

पद्मावती: म्हणजे फोटोक पाठ आसता?

सगुण: पाठच असते हो, तळपाय नसतात. मी खोटं... नाही, हे खरं सांगतोय.

पद्मावती: मगे पाठीर घालूया. फुडसून बापाशीक झिल सबंध दिसांदी. मागसून मिया आसंय.

सुमन: आई...

पद्मावती: आई आई काय करतंस? डबी हाड. सदाशिव थय बस धरूक धावतलो. आनी माका हात दी, सगुणा, पाय सुन्न झाले. इतको वेळ बसान बसान मियाच फोटो झालंय.

सगुण: उठा. सावकाश. अरे देवा, भिकूला जरा कुबड आलंय.

पद्मावती: बारीनाक पावसर सरळ जातला.

सुमन: ही घ्या डबी. मधोमध नको, कडेला घाला.

पद्मावती: माका शिकव नको. हां. झाली.

सगुण: काकी, शिक्क्यावरच लागली की! जिथे रफार नव्हता नेमका तिथे तुम्ही अनुस्वार दिलात. आता मी "आटिंस्ट".

पद्मावती: बरा झाला. तुकाय दिश्ट लागूची नाय.

सगुण: माझ्या धंद्याला दृष्ट लावणारा अजून जन्माला यायचाय. थांबा वहिनी, वर पातळ कागद घालतो, नाहीतर काजळ पाकिटाला लागेल. हं, न्या आता.

सुमन: हाक आली वाटतं. आले हो, सदाशिवभाऊ, आले! आई, ह्याला घ्या जरा. मी पाणंदीपर्यंत जाऊन देऊन येते.

पद्मावती: जा, पळ. आनी तेका सांग, विठूच्या हातात दी, आणखी कोणाच्या नको!

सगुण: पळाल्या. चपला पण घातल्या नाहीत. चला काकी, मी पण निघतो. चाय राहिली ती राहिली.

पद्मावती: बस. गेली मां ती?

सगुण: गेली.

पद्मावती: विनूचो तो उलटो तुकडो आसा तुजेकडे? काय टाकलंस?

सगुण: निगेटिव्ह? आहे. मी काही टाकत नाही. बायको म्हणते, घरात पाय ठेवायला जागा नाही, एक दिवस तुम्हालाच टाकीन.

पद्मावती: तिचेवयली तीट काढून दी.

सगुण: तुम्ही सांगताय हे? मघाशी मला चोर म्हणालात.

पद्मावती: आता तिका कोणाची दिश्ट लागतली?

सगुण: सायकलीतली हवा बघायची राहिलीच.

पद्मावती: हवा मागीर बघ. काढतंस मां?

सगुण: काढतो, काकी. गाल साफ करून देतो. पण ती खळी... काजळाखाली काय होतं ते निगेटिव्हवर आलेलंच नाही. ती मला पेन्सिलीनं अंदाजानं काढावी लागेल. आणि माझा अंदाज तुम्हाला ठाऊक आहे. नाकावर जायची खळी.

पद्मावती: अंदाज कित्याक? तो तुकडो आनी पेन्सील घेवन हय ये. खय काढूची ती मिया सांगतंय. माका बरोबर ठावक आसा. त्या खळयेर तीट घातलेला बोट माजाच होता.